‘सिरियस’ म्हणजे काय, सर?

मंगळवारी यशवंत भालेराव गेले. मी शाळेत होतो. शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, ऑफिसात फोन आहे. फोनवर भालेरावांचा मेहुणा सुनील होता. तो म्हणाला, “सर, दाजी सिरियस आहेत. या.” मी खडू टेबलावर ठेवला आणि निघालो.

सुनीलच्या बोलण्यात विशेषण एकच होतं. ते ऐकल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. कुठल्या दवाखान्यात, कधीपासून, डॉक्टर काय म्हणतात... आपल्याकडे या शब्दानंतर असले प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी उत्तराकडे कुणाचं लक्ष नसतं. भालेराव गेले हे मला त्याच क्षणी कळलं होतं. रिक्षा कॅम्प पाचमधून अंबरनाथच्या दिशेने निघाली आणि मला पुढच्या कामाची भीती वाटायला लागली. भालेरावांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा हैदराबादला नोकरी करते. तिला कळवायचं होतं. तशी वेळ आली तर ते तुम्हीच करा, असं भालेरावांनी मला सांगून ठेवलं होतं. काय कळवायचं, कोणत्या शब्दांत कळवायचं, यावर मात्र आमचं कधी एकमत झालं नव्हतं. त्यांचं स्वतःशीही झालं नव्हतं.

भालेराव अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंग तयार करणाऱ्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. तेव्हा ते उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझ्याच गल्लीत राहायचे आणि सायकलने कामावर जायचे. गेटजवळच्या एका लहानशा केबिनमध्ये त्यांचा फोन जोडून देण्याचा बोर्ड होता. आज ज्याच्या-त्याच्या खिशात मोबाइल आहे, त्यामुळे त्या बोर्डाचं महत्त्व आता सांगून पटणार नाही. कामगारांपैकी कुणाच्याच घरी फोन नसायचा. गावाकडे पोस्टात किंवा एखाद्या किराणा दुकानात एक असायचा. तिथून कुणी कामगाराला फोन केला, तर तो कंपनीच्या बोर्डावर यायचा, आणि इतक्या लांबून कुणी सहज म्हणून फोन करत नसे. मागच्या बाजूच्या प्लँटमध्ये यंत्रांचा आवाज एवढा असे, की तिथे फोनची घंटा ऐकू जायची नाही. म्हणून निरोप घेऊन भालेराव स्वतः चालत जायचे.

त्यांचं ते चालत येणं लोकांनी फार मनावर घेतलं होतं. लालनिळ्या डागांच्या कपड्यांतली माणसं टाक्यांच्या मधून भालेराव येताना दिसले की हातातलं काम थांबवायची. कुणी ओरडायचं, “ए बोर्डवाले, तिकडे वळ! तिकडे!” कुणी हात जोडून म्हणायचं, “आमच्या साईडला नको रे भाऊ, परवाच गावाहून आलोय.” एक गृहस्थ तर त्यांना लांबून पाहिलं की संडासात जाऊन बसायचे. निरोप हातात पडला नाही म्हणजे तिकडे काही घडलं नाही, असा त्यांचा हिशेब होता. भालेराव हे सांगताना हसायचे, पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही. “सर, माणसं वाघाला भ्यावीत तशी मला भ्यायची,” ते म्हणायचे, “आणि मी तर अंगाने हा असा.”

यावर त्यांनी एक उपाय करून पाहिला. रोज एकदा काही कारण नसताना ते प्लँटमधून चक्कर मारू लागले. कँटीनमध्ये आज उसळ आहे, उद्या साहेब येणार आहेत, असं काहीबाही सांगायचे आणि परत यायचे. आपलं येणं नेहमीचं झालं की लोकांची भीती मोडेल, असं त्यांना वाटलं होतं. थोड्या दिवसांनी एका फिटरने त्यांना अडवलं. “भालेराव, पूर्वी तू महिन्यातनं एकदा आमचा जीव काढायचास. आता रोज काढतोस. उसळीचं आम्हाला वासावरनं कळतं, तू केबिनमध्येच बस ना बाबा.” त्या दिवसापासून चक्कर बंद झाली.

त्यांनी पोचवलेल्या निरोपांत जो शब्द सगळ्यात जास्त वेळा होता, तो इंग्रजी होता. फोन नगरकडून आलेला असो, रत्नागिरीकडून असो की बिहारमधून, पलीकडचा माणूस मोडक्या आवाजात म्हणायचा, “सिरियस आहे म्हणून सांगा.” आमच्या लहानपणी हा शब्द तारेतून यायचा. ‘मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ तार वाचून दाखवायला गावात एखादाच असे, पण त्या एका शब्दाला वाचणारा लागत नसे. इंग्रजीचं अक्षर न ओळखणाऱ्या बायकासुद्धा तो ऐकला की मटकन खाली बसायच्या. कारण हळूहळू आपल्याकडे एक चाल पडून गेली होती. माणूस गेलेलं असलं तरी लांबच्या नातेवाइकाला ‘गेलं’ असं कळवायचं नाही, ‘सिरियस आहे’ असं कळवायचं. त्याने प्रवासात हाय खाऊ नये, गाडीत एकटं असताना त्याला काही होऊ नये, रडायचं ते घरी आल्यावर चार माणसांत रडावं, एवढाच त्यामागचा हेतू. हेतूत खोट नव्हती. पण सगळेच असं करायला लागल्यावर सगळ्यांनाच ते कळलं. ‘सिरियस’ म्हणजे गेलं, असाच अर्थ होऊन बसला. आणि जे माणूस खरोखर अत्यवस्थ आहे, अजून श्वास घेतंय, वाट बघतंय, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच उरला नाही.

हे मला भालेरावांनी एका माणसाची गोष्ट सांगून दाखवून दिलं. त्याचं नाव देवराम. ड्रायरवर, म्हणजे रंग वाळवायच्या यंत्रावर काम करायचा, गाव नगर जिल्ह्यात. एका सकाळी त्याच्यासाठी फोन आला, आई सिरियस आहे, निघून यायला सांगा. भालेराव प्लँटमध्ये गेले, त्याला बाजूला घेतलं आणि ऐकलं तेच शब्द त्याला सांगितले. देवरामने डोक्यावरची टोपी काढली, नळावर हात धुतले, आणि शांतपणे म्हणाला, “गेली म्हणायची.” त्याचा एक भाऊ कल्याणला आणि एक बदलापूरला होता. आई गेलीच आहे तर तिघांनी मिळून जावं, असा विचार त्याने केला. एकाची पाळी सुटेपर्यंत थांबला, दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोपोरांना सोबत घेतलं. संध्याकाळची एसटी धरली. गावात पोचले तेव्हा आईला जाऊन थोडाच वेळ झाला होता. दुपार टळेपर्यंत म्हातारी शुद्धीवर होती. दाराकडे बघत होती, देवरामचं नाव घेत होती.

दिवसकार्य आटोपून देवराम कामावर आला तो आधी केबिनच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

“भाऊ, ती जिती आहे एवढं सांगायचं होतं ना.”

“अरे, मी सिरियस आहे म्हणून सांगितलं होतं.”

देवराम म्हणाला, “सिरियस माणूस जितं असतंय का कधी?”

एवढं बोलून तो प्लँटकडे गेला. रागावला नाही, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कंपनीत असेपर्यंत रोज येता-जाता भालेरावांना हात करायचा. पण भालेरावांच्या मनात त्या दिवशी जी भीती बसली, ती निघाली नाही. आपल्या तोंडातून जाणारा शब्द समोरच्याच्या कानात दुसराच काही होऊन पडतो, आणि त्या दोहोंच्या मधे एखादी म्हातारी दाराकडे बघत पडलेली असू शकते... त्यानंतर बोर्डावरचा दिवा लागला की रिसीव्हर उचलण्याआधी त्यांचा हात थांबायचा. सुपरवायझरने त्यावरून त्यांना टोकलंही होतं.

मग त्यांनी एक प्रश्न शोधून काढला. गावाहून फोन आला, पलीकडच्याने ‘सिरियस आहे’ म्हटलं, की भालेराव सगळं नीट ऐकून घ्यायचे, नाव-गाव परत विचारून खात्री करून घ्यायचे, आणि मग अगदी सहज, फोन ठेवता-ठेवता कुणी विचारावं तसं विचारायचे, “बरं, चहा झाला का घरात?”

माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. उचलून नेईपर्यंत त्या घरात कुणी चहासुद्धा ठेवत नाही. पाणी द्यायचं तर शेजारचे देतात. भालेरावांच्या वडिलांच्या पिढीने बौद्ध धर्म स्वीकारला, घरातल्या पुष्कळ जुन्या रीती त्यांनी निश्चयाने सोडल्या. “पण ही सुटली नाही, सर,” ते म्हणायचे. “कारण हिला धर्म लागत नाही. घरात मेलेलं माणूस असताना स्टोव्हला काडी लावायला हातच होत नाही कुणाचा.” या प्रश्नासाठी कुणी तयार नसायचं. सिरियस म्हणायचं हे ठरवून फोनपाशी आलेला माणूस चहाच्या बाबतीत खोटं बोलायचं ठरवून येत नाही. “झाला की, आत्ताच घेऊन आलो,” असं उत्तर आलं तर भालेराव धावत प्लँटमध्ये जायचे आणि सांगायचे, “जिवंत आहे. गेटपास मी बघतो, तू असाच्या असा नीघ.” आणि पलीकडून काहीच आलं नाही, किंवा “आता कसला चहा, दादा...” असं आलं, की ते सावकाश चालत जायचे आणि सांगायचे, “सिरियस आहे.” हळूहळू हे सगळ्या कंपनीला माहीत झालं. भालेराव पळत येताहेत की चालत, याकडे लोक बघू लागले. भीती तिथेच राहिली, पण तिच्यात फट पडली.

“प्रश्न विचारायचो ना, सर,” एकदा त्यांनी मला सांगितलं, “आणि उत्तर यायच्या आधी जी शांतता असायची, तिची सवय कधी झाली नाही. तिकडच्या माणसापेक्षा मीच जास्त भ्यालेला असायचो.”

दोन हजार सालानंतर कंपनीत थेट फोन आले, बोर्ड निघाला आणि भालेरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. चिखलोलीला नव्याने इमारती उभ्या राहत होत्या, तिथे त्यांनी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आजूबाजूला तेव्हा अर्धी बांधकामं आणि अर्धी शेतं होती. जाताना म्हणाले, “लांब जात नाही, सर, शनिवारी येत जाईन.” आणि खरोखरच दर शनिवारी संध्याकाळी ते माझ्याकडे यायचे. मी एकटा राहणारा माणूस, घरात पुस्तकं सोडून फारसं काही नाही. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, मी वह्या तपासत असलो तर मुकाट्याने बघत राहायचे.

असंच एकदा मी आठवीच्या मुलांची वाक्यं तपासत होतो. इंग्रजी विशेषणं देऊन वाक्यात उपयोग करायला सांगितला होता. त्यात ‘सिरियस’ होतं. वह्यांचा गठ्ठा संपत आला तसं माझ्या लक्षात आलं, की बहुतेक सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय. माझे आजोबा सिरियस आहेत. माझी आजी सिरियस आहे. कुणाचे काका, कुणाची शेजारीण. अभ्यासू मुलगा, गंभीर चेहरा, महत्त्वाचं काम यांपैकी कुणाला काही सुचलं नव्हतं. मी भालेरावांना म्हटलं, “हे इंग्रजीत चूक आहे. आजोबा सिरियस आहेत याचा अर्थ आजोबा हसत नाहीत, एवढाच होतो. आजारी म्हणायचं तर ‘सिरियसली इल’ लिहावं लागतं.”

“मार्क नका कापू, सर,” भालेराव म्हणाले. “ह्यांचे आजोबा काही हसत नसतील आता.”

आम्ही दोघंही हसलो. मग ते खुर्चीतच पुढे सरकले. “पण सर, ‘सिरियस’ म्हणजे काय? मुळातलं विचारतोय. आयुष्यभर मी तो शब्द लोकांच्या कानात घातला. तो आला कुठनं?”

मी फडताळातला मोठा कोश काढला. शब्द लॅटिनमधून आलेला, पुढे फ्रेंचमधून इंग्रजीत. वजनदार, थट्टेचा नव्हे असा. त्याच्याही मागे जाऊन कोशकाराने जरा चाचरत लिहिलं होतं, की याचं नातं बहुधा ‘जड’ या अर्थाच्या एका फार जुन्या शब्दाशी असावं. आजाराशी, मरणाशी मुळात काही संबंध नाही. तो पुष्कळ नंतर चिकटला, आणि इतका घट्ट तर आपल्याकडेच. मी म्हटलं, “म्हणजे जड. आपण त्याला प्रतिशब्द देतो गंभीर, पण गंभीर म्हणजे संस्कृतात खोल. खोल पाण्याला म्हणतात गंभीर.”

भालेरावांनी माझ्या हातातल्या कोशात डोकावून पाहिलं.

“त्यांचं जड, आपलं खोल,” ते म्हणाले. “मग बुडणारच की हो, सर.”

मी कोश मिटला. त्यांच्या बोलण्यावर हसावं की नाही ते मला कळेना. त्यांच्याकडे पाहिलं तर ते हसत नव्हते. त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या फोनकडे होती.

फोनची त्यांना भीती वाटायची. ज्याने हजारो फोन जोडून दिले, त्याने स्वतःच्या घरात फोन येऊ दिला नव्हता. प्रज्ञाला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा त्यांचा निरुपाय झाला. तिने अर्ज करून, पाठपुरावा करून चिखलोलीच्या घरी फोन बसवून घेतला आणि मगच गेली. भालेरावांनी त्या फोनखाली टॉवेलची चौपदरी घडी घालून ठेवली, घंटेचा आवाज जरा दबावा म्हणून. फोन वाजला की त्यांच्या पत्नी, कमलवहिनी, उचलायच्या. हे तोवर पलीकडच्या खोलीच्या दारात उभे. वहिनींच्या चेहऱ्यावर हसू दिसलं की मग पुढे यायचे.

प्रज्ञा माझी विद्यार्थिनी. शाळेत मला सर म्हणायची आणि गल्लीत काका. तिच्या बोलण्यात नव्या मुलांसारखं ऊठसूट ‘सिरियसली’ यायचं. सुट्टीवर आली की सुरू, “सिरियसली, बाबा? तुम्ही अजून मोबाइल घेतला नाही?” “काका, सिरियसली, ही खुर्ची टाकून द्या आता.” ती हे म्हणाली की भालेरावांचा खांदा किंचित उडायचा, कुणी मागून दचकवल्यासारखा. एकदा न राहवून म्हणाले, “बाई गं, दुसरा शब्द नाही का तुला?” ती म्हणाली, “बाबा, शब्द आहे तो, साप नाही.” वहिनी खो-खो हसल्या. भालेराव म्हणाले, “तुला माहीत नाही, त्याने किती जणांना डसलंय ते.”

ती तिकडे एकटी राहते, आपल्याला काही झालं तर तिला कोण आणि काय सांगेल, हा घोर त्यांना त्यानंतर लागला. दर शनिवारी फिरून फिरून तिथेच यायचे. सिरियस सांगितलं तर रात्रभर गाडीत आशा आणि शंका यांच्या मधे तिचे हाल होतील. गेले म्हणून सांगितलं तर त्या गाडीत तिला सांभाळायला कोण आहे? दाराशी जाऊन उभी राहिली तर? मी सरळ सांगण्याच्या बाजूचा. मी म्हणायचो, शिकलेली मुलगी आहे, तिला खरं कळण्याचा हक्क आहे. ते म्हणायचे, “हक्क आहे, सर, कबूल. पण डब्यात तिच्या शेजारी हक्क बसणार आहे का?” मी अधूनमधून म्हणायचो, अहो, तुम्हाला झालंय काय, कशाला हा विषय. त्यांना धाप लागते हे मला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच मला तो विषय नको असायचा.

शेवटच्या शनिवारी त्यांना उशीर झाला. मी चहा केला. पण त्या दिवशी ते प्रज्ञाबद्दल काहीच बोलले नाहीत. शेजारच्या नव्या इमारतीबद्दल बोलले, चिखलोलीला कधीतरी स्टेशन होणार म्हणतात त्याबद्दल बोलले. उठले, चपला घातल्या, आणि दाराची कडी हातात धरून म्हणाले, “सर, तिला फोन कराल तेव्हा घाई करू नका. काय सांगायचं ते सांगा, पण मग थांबा. ती काय विचारते ते ऐका.” मी म्हटलं, “अहो, जा आता घरी, अंधार पडेल.” ते हसले आणि गेले. त्यांचं ते बोलणं मी तेव्हा नीट ऐकलंसुद्धा नाही.

मंगळवारी मी चिखलोलीला पोचलो तेव्हा बाहेर पादत्राणांची गर्दी झाली होती. भालेरावांना दवाखान्यातून परत आणलं होतं. दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं होतं, असं सुनीलने मला दारात सांगितलं. मग दंडाला धरून बाजूला घेतलं. “सर, प्रज्ञाला सिरियसच सांगा हां. ऐका माझं. एकटी पोरगी आहे, लांबचा पल्ला आहे. इथं आली की आम्ही आहोत.” वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मानेने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

टॉवेलच्या घडीवरचा तो फोन मी पुढ्यात ओढला. प्रज्ञाचा नंबर फिरवला. इतकी वर्षं मी सरळ सांगण्याच्या बाजूने बोलत आलो होतो. पलीकडून तिचा “हॅलो” ऐकू आला. तो आवाज कामाच्या मधला होता, थोडा घाईतला, निर्धास्त. पुढच्या शब्दाने तो आवाज मोडणार होता, आणि तो मी मोडणार होतो. मी म्हणालो, “प्रज्ञा, मी काका बोलतोय. बाबा... बाबा सिरियस आहेत. तू नीघ.”

सुनीलने सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला.

पलीकडून कुणाचं तरी बोलणं, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दार लागल्याचा. ती मोकळ्या जागी आली असावी. मला फोन ठेवून द्यावासा वाटला. तेवढ्यात भालेरावांचं दारातलं बोलणं आठवलं... थांबा, ती काय विचारते ते ऐका. मी थांबलो.

“काका,” ती अगदी हळू म्हणाली, “चहा झाला का?”

मी समोर पाहिलं. ओट्यावरची शेगडी पुसलेली होती. तिच्यावर चहाचं पातेलं पालथं घातलेलं होतं. शेजारणीने आणलेला पाण्याचा जग तेवढा खाली होता. त्या शांततेबद्दल भालेराव मला सांगायचे, तेव्हा ती पलीकडून येते अशी माझी समजूत होती. या वेळी ती माझ्याकडून जात होती. ती आणखी लांबवणं शक्य नव्हतं.

“नाही, बाळा,” मी म्हणालो. “नाही झाला.”

सुनीलला काही कळलं नाही. वहिनींना कळलं असावं, त्यांनी पदर तोंडाला लावला. पलीकडे प्रज्ञा श्वास घेत होती, तो मला स्पष्ट ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बरं. आईजवळ बसा. मी मैत्रिणीला घेऊन येते. मी येईपर्यंत थांबवा.” आणि तिने फोन ठेवला.

ती रात्रभर प्रवास करून सकाळी पोचली, बरोबर तिची मैत्रीण होती. त्या गाडीत तिने काय सोसलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. तिची वाट बघत मी भालेरावांच्या जवळ बसून राहिलो, तेव्हा मला सारखी एकच भीती वाटत होती, की आपण चुकलो, ते म्हणत होते तेच खरं होतं, आता मुलगी धड पोचणार नाही. रिक्षातून ती आपल्या पायांनी उतरलेली दिसली, तेव्हा मी उठून दाराशी गेलो.

सगळं झाल्यावर, बुद्धवंदना होऊन माणसं पांगल्यावर, ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, नोकरीला जाताना बाबांनी तिला सगळं सांगितलं होतं. देवरामचंही. लोक तुला सिरियस म्हणतील, ते त्यांच्या मायेने म्हणतील, त्यांच्यावर चिडू नकोस. तुला जाणून घ्यायचं असेल, तुझ्यात तेवढा धीर असेल, तर चहाचं विचार. नसेल तर विचारू नकोस, गाडीत बस आणि ये. दोन्ही बरोबर.

“मी विचारणारच नव्हते, काका,” ती म्हणाली. “खूप भीती वाटत होती. पण तुम्ही फोन ठेवला नाहीत. तुम्ही थांबलात, म्हणून विचारलं.”

मी काय आणि ते काय, दोघांनी इतके शनिवार तिला काय सांगायचं यावर घालवले. ठरवायचं तिने, ही सोय मात्र ते आधीच करून बसले होते. त्याबद्दल मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. मला ती सोय कळली असती तर मी कदाचित पाठ केलेल्या उत्तरासारखं काहीतरी बोललो असतो, असं त्यांना वाटलं असेल. माझी त्यांना चांगली ओळख होती.

आता वहिनी प्रज्ञाकडे हैदराबादला आहेत. चिखलोलीच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. अधूनमधून जाऊन मी खिडक्या उघडतो, फोनवरची धूळ पुसतो. टॉवेलची घडी त्याच्याखाली तशीच आहे. कोशात मी तो शब्द परत एकदा काढून पाहिला. जड, वजनदार, थट्टेचा नव्हे असा. शाळेत तो शिकवायची वेळ आली की मी हे सगळं मुलांना सांगतो, आणि कुणी आजोबांबद्दल वाक्य लिहिलं तर मार्क कापत नाही.

दर रविवारी सकाळी प्रज्ञाचा माझ्या घरी फोन येतो. हॅलो म्हणायच्या आधी ती विचारते, “काका, चहा झाला का?” तिचा फोन येण्याआधी मी उठून चहा करून घेतो.